जिवंत माणसाच्या फोटोला हार

२१ नोव्हें., शुक्र.
बाजारात पांढरी शेवंती कडाडलीये, तरी उचलली. विलासला झेंडू आवडायचा नाही. झेंडू दसऱ्याला ट्रॅक्टरला घालायचा, म्हणायचा. लग्नाच्या ऑर्डरी ओवून बोटांची चाळण झालीये.

आप्पांचा आतापासून घोशा, "सव्वीसचा हार म्याच घालणार." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशनचं नाव काढलं की ताटावरून उठतात. काल उदबत्तीचा पुडा बिस्किटाचा समजून फोडला. सासरे आहेत म्हणून गप्प बसते. पण विलासच्या, आपल्या पोराच्या, चौकातल्या स्मृतिफलकाला दुसऱ्या कुणी हार घातलेला त्यांना खपत नाही. म्हटलं, घाला बाबा तुम्हीच.

२३ नोव्हें., रवि.
दुकानात एक बाई आली, बुके हवा होता. चौकातल्या फलकाकडे बघून म्हणाली, "तुमचे मिस्टर पोलिसात होते का?" म्हटलं, नाही, पॅसेंजर होते. सव्वीस-अकराच्या रात्री मुंबईला स्टेशनवर नाशिकच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. "अच्छा," म्हणाली आणि गुलाबाचा भाव विचारला. पॅसेंजर मेला तर तो मेला, शहीद नाही. दर वर्षी हेच ऐकते, दर वर्षी वाटतं कात्री हातात आहे तोवर गिऱ्हाइकानं असलं बोलू नये.

नोव्हेंबरात पोटरी ठणकते. छर्रा आत आहे अजून. मी डबा उघडत होते, आधी फटाके वाटले. विलासनं मानेला धरून मला खाली दाबलं आणि वर पडला. अंगात दोन-तीनदा धक्के बसले, त्याच्या अंगात. मग तो जड होत गेला. रक्त माझ्या कानात गेलं, गरम. समोरच्या म्हाताऱ्याचं डोकं अर्धं नव्हतं, हातात तिकीट तसंच. मेल्यासारखी पडून राहिले म्हणून आज हार ओवतेय.
पल्लवी तेव्हा तीन वर्षांची, घरी आप्पांजवळ. आता ओझरला कारखान्यात अप्रेंटिस आहे. बाप तिला फलकावरचाच माहीत.

२४ नोव्हें., सोम.
सकाळी शटर उघडलं तर फलक गायब. म्हणजे आहे, पण वरून फ्लेक्स. आमच्याच दोन पायपांना तारेनं आवळलेला. "भावी नगरसेवक". गॉगल, हात जोडलेले, भोवती पोरांचे फोटो पासपोर्टएवढे. वाढदिवस २६ ला. ह्याच्या आईनं बरोब्बर मुहूर्त काढला.

गेले त्याच्या ऑफिसात तणतणत. पोरं म्हणाली, "काकू, सव्वीसला संध्याकाळपर्यंत काढतो ना. भाऊंचा वाढदिवस आहे, समजून घ्या." म्हटलं, खाली माणूस आहे. एक जण, कपाळावरचे केस रंगवलेला, वाकून बघायला लागला खाली. हसले सगळे. फ्लेक्सवरच्या माणसाचं नाव मी इथे लिहिणार नाही. फक्त भावी.

आप्पांना सांगितलं नाही. त्यांना दिसत नाही ते एक बरंच आहे.

२५ नोव्हें., मंगळ.
पुन्हा गेले. "उद्या दुपारी काढतो, आईशप्पथ." दुकानामागच्याच घरी येऊन आप्पांना म्हटलं, उद्या मी दुकान आवरून येते मग जाऊ, एकटे निघायचं नाही. "हाय ना म्या घरात, कुठं पळून जातोय?"
हार झाला. शेवंती, मध्ये निशिगंध, खाली एकच लाल गुलाब. बरा झालाय.

२६ नोव्हें., बुध.
झोप येणार नाही. लिहिते तरी.

सकाळी मोबाइलवर सगळ्यांच्या मेणबत्त्या. मोठमोठ्या पोलीस साहेबांचे फोटो, "कधीच विसरणार नाही". दुपारी फ्लेक्स तसाच. उलट खाली स्टेज, डीजे. भावीला फोन लावला, उचलला नाही.
सहाच्या सुमाराला फटाक्यांची माळ लावली. मी टेबलाखाली होते. कशी गेले कळलं नाही, तोंडात फरशीवरच्या पाकळ्या. गिऱ्हाईक विचारतंय, "काकू, काय सांडलं का?" उठले, तर आतल्या खोलीचं दार उघडं. आप्पा नाहीत. हार नाही.

धावले. भावी स्टेजवर, केक तलवारीनं कापतोय. आणि आप्पा, धोतर टोपी, गर्दीतून वाट काढत पायपाशी पोचलेले. दर वर्षीसारखा हातानं पाइप चाचपला, हुक चाचपला, हार अडकवला, दोन पावलं मागे सरून हात जोडले. हार फ्लेक्सवरच्या भावीला. बरोबर गॉगलखाली, गळ्यात.
डीजे थांबला. कुणीतरी ओरडलं, "म्हाताऱ्या, जिवंत माणसाच्या फोटोला हार घालतो व्हय रे?" केस रंगवलेल्यानं आप्पांना छातीवर ढकललं. दुभाजकाच्या कडेवर पडले. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखते. दुसऱ्यानं हार ओढून पायाखाली तुडवला.

पाण्याची बादली होती हातात, गुलाबाची. कधी उचलली माहीत नाही. त्या पोराच्या तोंडावर हाणली, कडेनं. भुवई उघडली. पुन्हा हाणली. खाली बसला तेव्हा तिसऱ्यांदा. मला चांगलं वाटलं, इथे खोटं कशाला लिहू. मग कात्री काढली आणि फ्लेक्स भावीच्या कपाळापासून खालपर्यंत फाडत आणला. आत विलास होता. तसाच, हसरा, तारेचा ओरखडा पडलेला.
कुणी मला धरलं नाही. सगळ्यांचे हात मोबाइल धरण्यात.

२७ नोव्हें., गुरु.
खुबा मोडलाय आप्पांचा. परवा ऑपरेशन. भावी म्हणे देवळात अभिषेकाला बसला होता. आपल्या फोटोला हार पडला म्हणून भ्यायलाय. मरणाला इतका भितो आणि दुसऱ्याच्या मरणावर केक कापतो.
पोलीस चौकीत आमची तक्रार आणि त्यांचीही, माझ्यावर. पोराला टाके पडलेत. हवालदार भला माणूस दिसला. म्हणाला, "ताई, व्हिडिओ बादलीपासून सुरू होतो. ढकललेलं दिसत नाही. आजोबांचा जबाब पाहिजे. त्यांनी सांगितलं ना ढकललं, मग पोरं आत."

सांगतील. का नाही सांगणार.

२८ नोव्हें., शुक्र.
पल्लवीनं व्हिडिओ दाखवला. मागे विनोदी म्युझिक. "आजोबांनी भाऊंना वर पाठवलं." "बादलीवाली काकू फॉर नगरसेवक." गावोगाव फिरलाय, घोटीहून मावशीचा फोन आला, हसत होती आणि मग रडली. दुकानासमोर दोन पोरी सेल्फी काढून गेल्या. एकानं विचारलं, "आंटी, फ्लेक्सच्या खाली बोर्ड कोणाचा निघाला? बिल्डरचा का?"
  सगळ्या महाराष्ट्राला बादली पाठ झाली. विलासचा फोटो त्याच व्हिडिओत आहे, स्पष्ट, आणि एकानंही विचारलेलं नाही की हा माणूस कोण.

२९ नोव्हें., शनि.
ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "हार नीट बसला व्हता का गं?"
म्हटलं, बसला होता.
"यंदा लय गर्दी व्हती. म्या आवाज ऐकला घरातून, म्हनलं लोक जमले. म्हनून थांबलो नाय तुझ्यासाठी. फटाके लावले पोराच्या नावानं. कोणीतरी तलवार बी आणली व्हती, चकाकली मला. मानवंदना देतात तशी."
मी पाण्याचा ग्लास शोधत बसले. ग्लास समोरच होता.
"आप्पा, तुम्ही पडलात कसे?"
"रेटारेटी. एवढी माणसं म्हणल्यावर व्हायचंच. कोणाला बोल लावू नको."

३० नोव्हें., रवि.
वॉर्डात सगळ्यांना सांगतायत. शेजारच्या कॉटवरचा ड्रायव्हर, त्याची बायको, वॉर्डातल्या मावशी. "माझा विलास, आपल्या बायकोवर आडवा झाला, पाठीत गोळ्या घेतल्या. परवा त्याच्या चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती." ड्रायव्हरनं उठता येत नसताना हात जोडले. मावशींनी डोळे पुसले. इतक्या वर्षांत विलासचं नाव कुणी असं ऐकून घेतलं नव्हतं, आणि ते ह्या गैरसमजावर.

दुपारी भावी आला. नारळ, फळांची टोपली, मागे दोन जण. आप्पांच्या पाया पडला. आप्पांनी डोक्यावर हात ठेवला, "तुम्हीच केला का परवाचा कार्यक्रम? देव तुमचं भलं करो." भावीनं माझ्याकडे बघितलं. कळलं त्याला, लगेच कळलं. बाहेर व्हरांड्यात म्हणाला, "वहिनी, आजोबाच म्हणतात गर्दीत पडले. तुम्ही मागे घ्या, आम्ही मागे घेतो. पुढच्या वर्षी मोठा कार्यक्रम लावू, फलक संगमरवरी करू."
फळं कापायची सुरी टोपलीतच होती. मी ती बघत होते आणि तो मी काय बघतेय ते बघत होता. दोन पावलं मागे सरकला. "विचार करा," म्हणाला आणि निघाला.

१ डिसें., सोम.
पल्लवीशी भांडण. ती म्हणते, आप्पांना खरं सांग, त्या लोकांना आत घाल, नाहीतर उद्या कुणाच्याही म्हाताऱ्याला ढकलतील. खरं आहे. मलाही त्या पोराला गजाआड बघायचंय. त्याची दुसरी भुवईपण फोडायचीये मला. पण त्यासाठी आप्पांच्या कॉटशी बसून म्हणावं लागेल, आप्पा, गर्दी विलाससाठी नव्हती. तलवार केकला होती. तुम्ही हात जोडलेत ते त्याला, ज्यानं विलासला झाकलं होतं.
पल्लवीला म्हटलं, तू सांग मग. ती आत गेली. अर्ध्या तासानं आली, डोळे लाल. "ते मला बाबांच्या लहानपणीचं सांगत होते," म्हणाली. बस, एवढंच.

२ डिसें., मंगळ.
हवालदाराचा फोन. उद्या सकाळी येतो जबाबाला, आता आणखी लांबवता येणार नाही.
आप्पांना सांगितलं, पोलीस येणार आहेत, तुमचं म्हणणं लिहून घ्यायला. एकदम उठून बसायला गेले, कळ आली तरी. "सरकारनं माणूस पाठवला? विलासबद्दल इचारायला?"
मी उशी त्यांच्या पाठीशी सरकवली.
मग दाढी करायला लावली. ब्लेड धरलेला माझा हात स्थिर होता, हे विशेष. गळ्याशी कातडी सैल झालीये, जपून केली. म्हणाले, धुतलेली टोपी आण, कडक इस्त्रीची, आणि विलासचा तो कपाटातला फोटो. साहेबाला दाखवायचा.
टोपी आणलीये. फोटो पिशवीत आहे.