फ्रिजवरचं घड्याळ

आबा, खंडेनवमीला वाळूजच्या तुमच्या कंपनीत कामगारांच्या बायकापोरांना आत सोडायचे. मशीनांना झेंडूच्या माळा घातलेल्या, जिथं तिथं हळदीकुंकू, पेढ्यांचे खोके. पूजेच्या आधी तुम्ही मला आणि धाकट्याला पिवळ्या पट्ट्याच्या मागं उभं केलंत आणि प्रेस कशी चालते ते दाखवलंत. दोन हातांना दोन बटणं. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली यायचीच नाही, म्हणजे माणसाचा हात आत सापडायला नको. तुम्ही पत्र्याचा तुकडा ठेवला, बटणं दाबली आणि पायाखालची फरशी हादरली. धाकटा माझ्या फ्रॉकला चिकटला. तुम्ही हसलात. म्हणालात, "नवा पोरगा आला की आठ दिवस त्याला इथंच उभा करतो. हात लावायचा नाय, इचारायचं नाय. नुसतं बघायचं. बघून बघून आपसूक हातात येतं." तुमचा मला तेव्हा फार अभिमान वाटला. परत येताना कंपनीच्या बसमध्ये मी सगळ्यांना सांगत होते की माझे आबा फोरमन आहेत.

तुमच्या हाताखाली एकाचंही बोट गेलं नाही म्हणून कंपनीनं तुम्हाला घड्याळ दिलं होतं, सोनेरी पट्ट्याचं. तेच घड्याळ तुम्ही आईला मारायच्या आधी काढायचा. सिडकोतल्या आपल्या त्या दोन खोल्यांत फ्रिज स्वयंपाकघराच्या दाराशी होता. वरणात मीठ जास्त झालेलं असायचं, नाहीतर तिच्या माहेरचं कुणी येऊन गेलेलं असायचं, नाहीतर काहीच झालेलं नसायचं. तुम्ही मनगटावरचा पट्टा सोडायचा, घड्याळ फ्रिजवर काच वर करून ठेवायचा आणि मग आत जायचा. आई उठून खिडकी लावून घ्यायची, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. ओट्याच्या कडप्प्यावर तिचं डोकं आपटल्याचा आवाज मी कधी कुणाला सांगितलेला नाही, आज तुम्हाला सांगते. तो मोठा नसतो. नारळ फोडताना पहिल्या फटक्याला फुटला नाही तर जसा येतो तसा असतो. तिचे केस तुमच्या मुठीत आहेत, तिचा एक पाय घसरतोय, आणि आम्ही दोघं दारात उभे आहोत. हात लावायचा नाही, विचारायचं नाही.

नंतर तुम्ही हातपाय धुऊन पाटावर बसायचा. आई पदरानं ओठ टिपायची आणि तुम्हाला गरम भाकरी वाढायची. पहिली भाकरी, पापुद्रा फुगलेली. घर एकदम शांत असायचं, सगळे शहाण्यासारखे वागायचे. तुम्ही जेवून झोपायचा. सकाळी आई म्हणायची, "रागाच्या भरात हात उठतो त्यांचा. माणूस वाईट नाय." मला तेव्हाही ते पटायचं नाही. राग आलेल्या माणसाला घड्याळाची काच सांभाळायचं भान कसं राहतं?

आता मी बी.एड.च्या मुलांना मानसशास्त्र शिकवते. माणूस बघून शिकतो, हा त्यातला एक धडा. मोठ्या माणसानं बाहुलीला बडवताना पाहिलेली मुलं पुढं तिला कशी बडवतात, तो जुना प्रयोग मी दरवर्षी सांगते आणि मुलं दरवर्षी हसतात. मग मी त्यांना सांगते की बघितलेलं सगळंच माणूस करत नाही. ते डोक्यात पडून राहतं. करावंसं केव्हा वाटतं, तर करणाऱ्याला त्यातून काय मिळालं हे त्यानं पाहिलेलं असतं तेव्हा. शिक्षा झाली की बक्षीस, तेवढं बघणाऱ्याला बरोबर कळतं. हे सांगताना दर वेळी मला ती पापुद्र्याची भाकरी दिसते. वर्गात ते बोलत नाही, तेवढी लाज आहे.

तुम्ही गेलात तेव्हा वाळूजची माणसं बस भरून आली होती. एक जण हमसून रडत सांगत होता की घाईत त्यानं एक बटण काडी घालून अडकवलं होतं, ते तुम्ही पाहिलं, मशीन बंद केली आणि त्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवला. "साहेबांनी कधी कुणाला अरे म्हटलं नाय," असं तो म्हणाला. मला त्याचं तोंड फोडावंसं वाटलं. म्हणजे तुम्हाला हात आवरता येत होता, आबा. रोज आठ तास येत होता. घड्याळ धाकट्यानं घेतलं.

मागच्या रविवारी धाकट्याची बायको पोरीला घेऊन माझ्याकडं आली. खालचा ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला. ती लासूर स्टेशनची, तिच्या घरी बापाचा आवाजसुद्धा चढत नाही. लग्न होऊन आली तेव्हा केवढ्यांदा हसायची. मी तिला झोपवलं, पोरीला जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला. मी ठेचा कुटत होते, ती भाकरीचं पीठ मळत होती, पोर दारात उभी होती.

"चल घरी," तो तिला म्हणाला.

"ती येणार नाही," मी म्हणाले.

"ताई, तू मधी पडू नको. आमच्या घरातलं हाये ते."

आणि त्यानं पट्टा सोडला, घड्याळ माझ्या फ्रिजवर ठेवलं. काच वर करून. ते मी एक वेळ सहन केलं असतं. पण पिठाच्या हातांनी ती उठली आणि गुमान जाऊन खिडकी लावून घेतली. तिनं आईला कधी पाहिलेलं नव्हतं, आबा. ते ती आपल्या घरात येऊन शिकली होती.

त्यानं तिच्या केसांना हात घातला आणि मी बत्ता त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचं मला हाताला कळलं. तो ओरडला, खाली बसला. तिथं थांबता आलं असतं. मी दुसरा घाव खांद्यावर घातला, तिसरा पाठीत, तो ओट्याखाली शिरायला बघत होता तेव्हा. मिरचीचा ठेचा आणि रक्त त्याच्या शर्टाला लागलं होतं. तो लहानपणी रडायचा तसाच रडत होता, "ताई नको, ताई नको," म्हणत. ती मध्ये आली म्हणून मी थांबले. तो मोडका हात पोटाशी धरून जिना उतरला.

घर शांत झालं. तिनं फरशी पुसली, तवा तापवला, भाकरी थापली आणि पहिली गरम भाकरी मला वाढली. माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही. पोर शहाण्यासारखी समोर येऊन बसली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "घाबरलीस ना? आत्याला राग आला गं, रागात सुचलंच नाही काही."

ती म्हणाली, "पण आत्या, तू आधी चष्मा काढून ठेवलास की."

मी वळून पाहिलं. फ्रिजवर घड्याळाशेजारी माझा चष्मा होता. दोन्ही काड्या नीट मिटलेल्या, काचा वर.

ते घड्याळ अजून तिथंच आहे, न्यायला कुणी आलेलं नाही. त्या संध्याकाळची भाकरी गोड लागली, आबा. मी दुसरी मागून घेतली.