बागेतला रेड बिन

९ नोव्हें., रवि.
श्वेताकडे गेले होते, माण गावी. कॉलेजपासूनची मैत्रीण, अजून हक्कानं शिव्या घालते. माझा मोबाईल चाळून म्हणाली, "तुझं डोकं म्हणजे भंगारवाल्याची गाडी झालंय. सगळं आहे, सापडत काही नाही." खोटं कसं म्हणू? ढगांचे फोटो, अर्धी विणलेली टोपी, दुकानांच्या गमतीदार पाट्या, चाल लावलेल्या दोन ओळी, गंजाचे रंग. (गंजाचे रंग कोण जमवतं? मी.)
तिनं तिथंच बसवून एक फुकटची साइट उघडून दिली. ब्लॉग नव्हे म्हणे, डिजिटल बाग. लहान लहान पानं, एकातून दुसऱ्यात जायला वाटा, जमेल तशी वाढवायची. अर्धवट असली तरी चालतात.
"अर्धवट चालतं?" हे मी परत परत विचारलं. तिनं शेवटी हात जोडले. तिला काय जातंय, मी कंपनीत क्वालिटी तपासणीला आहे. दिवसभर अर्धवट पकडायचाच पगार घेते.

११ नोव्हें.
पहिलं पान झालं. आपल्या ताथवड्यातलं वांग्यांचं शेत, दोन टॉवरच्या मधे उरलेलं. सकाळी कंपनीच्या बसमधून दिसतं. कधीमधी पांढऱ्या टोपीचा एक माणूस वाकलेला असतो, पण नेमकी बस तेव्हाच वळते. तीन ओळी लिहिल्या, एक खोडली. चहाचं पार पाणी झालं, कळलंच नाही. लई दिवसांनी असं झालं.
घरमालकीण सुलोचनामावशी गच्चीवरचे कपडे काढायला आल्या, आत डोकावल्या. "काय गं, फोनात काय करतीस येवढं?" म्हटलं, बाग करतेय. "फूल न्हाई, पानी न्हाई, कसली बाग म्हनायची ही? जाताना माझ्या तुळशीला तेवढं पानी घाल."
घातलं.

१३ नोव्हें., गुरु.
ज्ञा.ची सुट्टी. (नवरा. तोंडावर अहो-जाहो, इथं वहीत एकेरी. कोण बघतंय!) त्याची कंपनी गुरुवारी बंद, माझी रविवारी. त्यात त्याची शिफ्ट दर आठवड्याला फिरते. लग्न झाल्यापासून हेच.
आले तेव्हा पिठलं करून बसला होता. जेवताना झालेलं एकूण बोलणं: गॅस बुक केला का. केला. मीठ कमी पडलं का. नाही, बरंय.
माणूस सोन्यासारखा. वाईट काहीच नाही. बोलायलाच काही उरलं नाही आमच्यात, शिफ्टनं खाल्लं सगळं. उद्या दोघांना एकच सुट्टी मिळाली तर काय बोलू, याची मला खरंच भीती वाटते.
साइट दुसऱ्या फोनवर कशी दिसते म्हणून त्याच्या फोनवर उघडून पाहिली. अक्षरं छान दिसतात.

१७ नोव्हें.
नवी पानं: बसच्या काचेवरचं धुकं. टोपीचा टाका कुठं चुकला. गंज, पाच रंग.
आणि 'पत्रा'. लग्नानंतर चाकणला घेतलेली पहिली खोली, वर नुसता पत्रा. उन्हं चढायला लागली की टिकटिक करायचा, जसा काही कुणी वर बसून सुपारी कातरतंय. उतरताना वेगळा वाजायचा… कसा? आठवेना. तसंच सोडलं. चालतं ना!
खूश आहे मी. कारण विचारू नये.

२२ नोव्हें.
ज्ञा. थर्डला, रात्रपाळी. म्हणजे तो दारातून आत, मी दारातून बाहेर. डबा हातात देता देता म्हणाला, "पांढऱ्या टोपीवाला आज दिसला बघ. वांगी तोडायला होता."
बस सुटत होती, पळाले. बसमध्ये बसल्यावर वाटलं, मी त्या टोपीवाल्याला शोधते हे याला कोणी सांगितलं?
मग शेजारच्या सीटवरच्या बाईनं लेकीच्या लग्नाचे फोटो दाखवायला काढले आणि मी विसरले.

३० नोव्हें., रवि.
सुट्टी असून कंपनीत जावं लागलं. उद्या ऑडिट. महिनाअखेर म्हणजे आमच्याकडे झाडूनपुसून सगळं. संशय आला तर पिवळा टॅग, माल होल्डवर. नापास झाला की रेड बिन. आणि महिनाअखेर रेड बिन रिकामा, थेट स्क्रॅपला. एकदा त्यात पडलेला पार्ट परत लाइनवर घ्यायचा नाही. नव्या पोरींना हे मीच घसा फोडून शिकवते.
घरी आले ती त्याच तंद्रीत. बाग उघडली. काय हा पसारा! हे अपुरं, ते कशाला हवंय, ह्याला शेवटच नाही. बसले निवडायला. निम्म्याच्या वर पानं नापास. सगळी कचरापेटीत आणि पेटीही रिकामी करून टाकली. उरलेली कशी ओळीत, नीटनेटकी. मस्त वाटलं.
श्वेताला फोटो पाठवला. तिचं उत्तर: "अगं ए बये!"

४ डिसें., गुरु.
जेवताना ज्ञा. म्हणाला, "पत्र्याचं पान कुठं गेलं?"
"कसलं पान?"
"चाकणच्या खोलीचं. रोज उघडून बघायलोय, यायलंच नाही."
माझा घास हातात. त्या गुरुवारी त्याच्या फोनवर उघडलेली साइट तशीच राहिली होती. तेव्हापासून हा रोज वाचतोय म्हणे. येताना बसमध्ये, जाताना बसमध्ये.
मी भडकले. "न विचारता वाचलंत?"
"उघडंच होतं की."
"म्हणून काय झालं? सांगायचं तरी!"
"सांगितलं असतं तर लिहिलं असतंस का?"
नसतं लिहिलं. म्हणून तर आणखी डोकं फिरलं. म्हटलं, टाकून दिलं ते, अर्धवट होतं, कामाचं नव्हतं.
तो म्हणाला, "मला वाटलं पुढचं लिहिशील. मी वाट बघायलो होतो." आणि दोघांची ताटं उचलून मोरीत घेऊन गेला.

५ डिसें.
श्वेताला विचारलं, परत आणता येईल का. नाही म्हणाली. पेटी रिकामी केली की संपलं.
माझा नवरा रोज माझं ऐकत होता आणि मला पत्ता नाही. बरं, कळलं तेव्हा मी काय केलं, तर भांडले. इतकं वाईट वाटतंय की लिहवत नाही.

८ डिसें.
साइटवर कितीजण येऊन गेले तो आकडा दिसतो. रोज एक असायचा, मी समजायचे की मीच. शुक्रवारपासून शून्य, मी रोज उघडत असूनही. म्हणजे माझं येणं त्यात धरतच नाहीत, आणि तो आता बघत नाही.
दोन नवी पानं लिहून पाहिली. कोणासाठी लिहितेय असं झालं. आधी कुठं कोणासाठी लिहीत होते? तरीही.
सुलोचनामावशी जिन्यात गाठून म्हणाल्या, "भांडलाय व्हय गं? टीव्हीचा बी आवाज न्हाई."
"नाही हो मावशी."
"मग भांडा की! आमी रोज भांडायचो, त्येवढंच बोलनं व्हायचं." आणि स्वतःच खो खो हसत खाली गेल्या.

११ डिसें., गुरु.
'पत्रा' परत लिहायला घेतलं. चढतीचं जमलं. उतरतीपाशी पुन्हा तिथंच गाडी अडली. शेवटी भाकरी वाढता वाढता विचारलं, "उन्हं उतरताना आपला पत्रा कसा वाजायचा हो?"
त्यानं मान वर केली. "तुला कसं माहीत असणार? तू कुठं होतीस दुपारी? थर्ड करून आल्यावर मीच झोपायचो तिथं."
खरंच की. सकाळचा पत्रा माझा, संध्याकाळचा त्याचा. इतकं साधं, आणि मी डोकं खाजवत बसले होते.
मग सांगत सुटला. पत्रा आधी लाह्या फुटल्यासारखा वाजायचा, मग थांबून थांबून, एकेकच. कोपऱ्यातला वाकलेला पत्रा सगळ्यात शेवटी वाजायचा. "तो वाजला की मी उठायचो. चहा टाकायचो. तुझी बस यायची वेळ."
मी आले की चहा तयार असायचा, हे आठवतं. मला वाटायचं घड्याळ बघून करतो.
भाकरी कडक झाली. ताटातलं कोरड्यास गार. बोलत होतो. मधेच मी म्हटलं, "माझं चुकलं, असं टाकायला नको होतं." तो म्हणाला, "आन मी सांगायला पाहिजे होतं." झालं मिटलं. एवढ्यासाठी आठवडा घालवला!

१४ डिसें., रवि.
बागेची चावी, म्हणजे पासवर्ड, त्याला दिला. "मला काय लिहिता येतंय?" म्हणत होता. म्हटलं, सांगता तर येतंय ना, तेच टाका.
'पत्रा'मध्ये वर माझं चढतीचं लिहून ठेवलंय. खाली 'उतरताना' एवढंच, पुढं मोकळं. टोपीचं पान पण परत लावलं, चुकलेल्या टाक्यासकट.

१६ डिसें.
मोकळंच आहे. आकडा मात्र परत रोज एक.

१९ डिसें.
ज्ञा. सेकंडला, म्हणजे रात्री बाराशिवाय येत नाही. कंपनीतून आले, चपलाही न काढता आधी बाग उघडली. 'उतरताना'च्या खाली:
"लाह्यासारखा वाजायचा. मग गप. कोपऱ्यातला एकटा वाजायचा मग. मग बोळात हिच्या चपला वाजायच्या आन"
बस. एवढंच. जेवणाची सुट्टी संपली असेल, नाहीतर सुपरवायझर आला असेल, नाहीतर सुचलं नसेल पुढं.
चपला घालूनच पलंगावर बसले. किती वेळा वाचलं, मोजलं नाही. दुरुस्तीचं बटण तिथंच होतं, बोट गेलंही त्यावर. 'मग' तीनदा आलाय. वाक्य अपुरं आहे. लाइनवरचा पार्ट असता तर पिवळा टॅग लावून मोकळी झाले असते.
नाही लावला.
आज तो येईपर्यंत जागणार आहे. आल्यावर चहा टाकीन. पुढचं काय ते विचारणार नाही मात्र.