न आणलेला निकाल

१९ एप्रिल १९९९, सोमवार
...आणि पिठाच्या हातानंच मी त्यांना टॉवेल दिला. दौंडच्या क्वार्टरमधली ती सकाळ आज मशीन चालवताना सबंध आठवली. विशेष काही घडलं नव्हतं तिच्यात. साडेचारला उठले. स्टोव्हला पिन मारली. दोन हंडे भरले. यांना सहाची ड्युटी. हे सांधेवाले, गाडी यायच्या आत रूळ बदलायचे, उशीर चालायचा नाही. डब्यात तीन भाकरी, वांगं, वर मिरची. वैशूच्या वेण्या घातल्या. एक रिबीन सापडेना म्हणून तिच्यावर ओरडले. हे सायकल काढता काढता म्हणाले, "सकाळी सकाळी पोरीला वरडू नको गं." एवढंच. पंधरा दिवसांनी कावीळ, मग दवाखाना, मग आम्ही दोघी इथं शिरूरला, सासरच्या घरी.

ही डायरीही त्यांचीच, मागच्या सालची. जानेवारीच्या पहिल्या पानांवर त्यांच्या ड्युट्या आहेत. पुढची कोरी होती. छापलेला वार खोडायचा आणि पुढचा लिहायचा.

आजपासून शाळेचे गणवेश शिवायला घेतले. निळे स्कर्ट, पांढरे ब्लाऊज. अख्ख्या गल्लीची मापं आली आहेत. काजं सगळी वैशूनं केली. तेरा वर्षांची आहे. सहावीची परीक्षा बुडाली, तेव्हापासून वर्षभर घरी. मंदा, माझी धाकटी जाऊ, काजं बघून म्हणाली, "अक्का, असा हात शिरूरच्या बाजारात न्हाई. आता मशीनवरच बसवा की तिला."
वैशू खूष झाली. मला ते आवडलं नाही. पण काजांचा ढीग संपला हेही खरं.

३० एप्रिल, शुक्रवार
बुद्ध पौर्णिमा. विहारात वंदना. आबा, म्हणजे सासरे, पांढरं धोतर सांभाळत सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या ओळीत बसले. खीर उतू गेली, तरी सगळ्यांना पुरली. वै. (वैशू) लहान पोरींना रांगेत बसवत होती. एक बाई मला म्हणाल्या, "पोरगी हाताशी आली तुमच्या." चांगल्या मनानं म्हणाल्या. घरी येईपर्यंत तेच कानात.

१ मे, शनिवार
निकाल. पिंकी, म्हणजे मंदाची मुलगी, पाचवी पास. मंदाला अक्षरं लागत नाहीत म्हणून मी बरोबर गेले. झेंडावंदन झाल्यावर गुरुजींनी एकेक नाव घेऊन प्रगतीपुस्तकं दिली. मी उभ्याउभ्या मंदाला सगळं वाचून दाखवलं, शेऱ्यासकट. माझी शाळा दुसरीपर्यंतच. पुढचं वाचन किराणाच्या पुड्यांचे कागद आणि यांचा पेपर यांच्यावर झालं. तरी शेरा वाचताना आवाज चढतो माझा.

सगळं उरकल्यावर टेबलावर पाच-सहा प्रगतीपुस्तकं राहिली. गुरुजींनी ती सुतळीनं बांधली आणि कपाटात टाकली. मी विचारलं, "ही कुणाची?"
"ज्यांचं कोणी आलं नाही त्यांची. पडून राहतात बिचारी."

मागच्या एक मेला आम्ही कुठं होतो? इथंच. हे जाऊन तीन महिने झाले होते. दौंडला कुणी गेलंच नाही. वै. वार्षिक परीक्षेला बसली नव्हती, म्हणून नापास, असं आम्ही घरातल्या घरात ठरवलं. कुणी ठरवलं? मीच. दाखलाही आणला नाही. मला वाटायचं, पोरगी यायची बंद झाली की नाव आपोआप कमी होतं.

म्हणजे तिचंही एक तिथं कपाटात असेल. सुतळीत.

९ मे, रविवार
भावोजींनी (मंदाचे मालक) शिक्रापूरच्या कंपनीचा माल पोचवून आणलेला रिकामा टेम्पो घरून वढूला काढला. सगळे निघालो. आबांना पुढची सीट. मागं आम्ही बायका, पोरी, सतरंजी, दशम्या आणि एक कलिंगड. रस्ताभर ट्रकच ट्रक. प्रत्येक ब्रेकला कलिंगड मंदाच्या पायावर. "ह्याला आधी कापा, न्हाईतर हे मला कापतंय," म्हणाली.

राजांच्या समाधीपाशी आबा उभे राहिले, चप्पल हातात. पिंकीनं विचारलं, "आबा, तुमाला रडू येतंय?" आबा म्हणाले, "ऊन लागतंय डोळ्याला."

झाडाखाली जेवलो. शेजारी बसलेल्या एका बाईनं वै.ला विचारलं, "कितवीला गं तू?"
वै. म्हणाली, "सहावी."
पिंकी उड्या मारत, "मी पण! मी पण आता सहावी!"
बाई हसून, "अगं, जुळ्या का काय? एक मोठी, एक बारकी!"

वै. उठून टेम्पोत जाऊन बसली. कलिंगड खाल्लं नाही. घरी पोचेपर्यंत उतरली नाही. जूनमध्ये पिंकीच्या वर्गात बसायचं, हे तिनं किती दिवस पोटात ठेवलंय कोण जाणे. रस्त्यात मला म्हणाली, "मी शाळेत न्हाई जाणार. मशीन शिकव."

१७ मे, सोमवार
निमोण्याला, माझ्या आईकडे. आठ दिवस. दोघी पोरी विहिरीवर, आंब्याच्या अढीत, सगळीकडे. वै. पोहायला शिकली, पिंकी नुसती काठावरून सूचना देते.

आज कुरडया. पहाटेच चीक शिजवला. वै. सोऱ्या दाबत होती, मी खाटेवर कापड धरून. मी सहज म्हटलं, "दौंडला जायचं का गं? शोभाआत्याकडं? तुझा दाखला आणू."
ती सोऱ्या दाबतच म्हणाली, "मी कवा न्हाई म्हणले?"
"तुलाच नको असतं दौंड."
"मला? आई, दौंडची गाडी स्टँडवर लागली की तू तोंड फिरवतीस. आत्याचं पत्र आलं की तू न वाचता डब्याखाली ठेवतीस. म्हणून मी गप्प बसते."

माझी आई तिथंच होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि चिकाचं पातेलं उगाच ढवळलं.

वर्षभर मी सगळ्यांना सांगत आले, पोरगी दौंडचं नाव काढू देत नाही, बापाची आठवण येते तिला. माझं मीच लिहून ठेवते. दौंडला जायला मी भीत होते.

कुरडया चांगल्या उतरल्या. एक कावळ्यानं नेली.

२६ मे, बुधवार
परत शिरूर. गणवेशांची गर्दी. रात्रंदिवस मशीन. प्रत्येकाला पहिल्या दिवशी पाहिजे. निळं कापड वै.पुरतं बाजूला काढलं. तिला म्हटलं, "माप दे." म्हणाली, "कशाला?" आणि निघून गेली.

पिंकीच्या मापावर चार बोटं वाढवून कापलं. अंदाजानं.

मंदा म्हणाली, "अक्का, रागावू नका. पण शाळा नको म्हणतीया, हातात कला हाय, तर कशाला वढाताण? दोघींनी मिळून दुकान टाका." तिच्या मनात वाईट नाही. दुकानाचा विचार माझ्याही मनात येऊन गेलाय. तेच तर वाईट.

४ जून, शुक्रवार
दौंड. सकाळच्या एसटीनं न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून दुसरी गाडी. भीमेत पाणी थोडं. आधी शोभावन्सांकडे चहा. त्या दारातच रडायला लागल्या, मीच त्यांना समजावलं. मग म्हणाल्या, "वैनी, मी येऊ का संगं?" म्हटलं, नको.

शाळेच्या वाटेवर क्वार्टर लागतं. मी पलीकडच्या बाजूनं जाणार होते. वै. सरळ समोरून गेली. दोरीवर दुसऱ्यांचे कपडे. आम्ही लावलेला कढीपत्ता कमरेएवढा झालाय. कुणीतरी पाणी घालतं त्याला. वै.नं एक डहाळी तोडून मला दिली. मागून इंजिनाची शिट्टी झाली. मी थांबले. तीपण थांबली. मग दोघी चालायला लागलो.

शाळा अजून उघडली नाही, पण ऑफिस चालू होतं. तिच्या वर्गाच्या बाई होत्या. वै.ला बघून खुर्चीतून उठल्या. "अगं, केवढी झालीस! कुठं होतीस?" कपाट उघडलं. जुन्या वर्षाचा गठ्ठा, सुतळी. धूळ झटकून त्यांनी प्रगतीपुस्तक काढलं आणि मला वाचून दाखवायला लागल्या. मी म्हटलं, "द्या बाई, मला येतं वाचायला."

सहामाहीचे गुण सगळे भरलेले. वार्षिकच्या रकान्यात गैरहजर, गैरहजर, गैरहजर. खाली लाल शाईत: वर्गोन्नत. इयत्ता सातवीत.

मी दोनदा वाचलं. बाई म्हणाल्या, "सहामाही इतकी चांगली होती. घरी असं झालेलं. हेडसरांना सांगून वर घातली मी तिला. तुमच्या क्वार्टरच्या पत्त्यावर कार्ड टाकलं होतं. परत आलं."

तेव्हा आम्ही क्वार्टर सोडलेलं होतं.

दाखला लगेच लिहून दिला. जन्मतारीख एक जून. यांनी नाव घालताना तारीख सांगितली नव्हती, गुरुजींनी घातली, गल्लीतल्या सगळ्याच पोरांची तीच आहे. बाई हसून वै.ला म्हणाल्या, "म्हणजे परवाच वाढदिवस झाला की तुझा." ती हसली नाही. प्रगतीपुस्तकाकडे बघत होती.

चौफुल्याला दुसऱ्या गाडीत बसल्यावर म्हणाली,
"म्हंजी मी नापास नव्हते?"
"न्हाई."
"वर्षभर नव्हते?"
"न्हाई गं."
"मग तू आणायला का न्हाई आलीस?"

सगळी गाडी ऐकत होती. तिनं तोंड खिडकीकडे केलं. कढीपत्त्याची डहाळी माझ्या हातात सुकून गेली होती.

५ जून, शनिवार
बोलत नाही. काजंही करत नाही. मी एकटीनं केली, वाकडी आली.

आबा माझ्या मशीनपाशी येऊन बसले. असे कधी बसत नाहीत. म्हणाले, "चूक तुझी एकलीची न्हाई. घरात चार मोठी माणसं होतो. एकाच्या बी ध्यानात आलं न्हाई." मग, "पोरगी रागावली, बरं झालं. वर्षभर ती नुसती तुला सांभाळत होती."

खरं आहे ते.

१० जून, गुरुवार
इथल्या शाळेत गेलो. वै. आली, पण माझ्यापासून चार पावलं लांब. हेडसरांनी दाखला बघितला, प्रगतीपुस्तक बघितलं. मधलं वर्ष कुठं गेलं, विचारलं. मी सांगितलं, "माझ्याकडून राहिलं." त्यांनी वै.कडे बघितलं. "सातवीत घेतो. पण वर्ष गेलंय मधलं. पहिल्या चाचणीत जमलं नाही तर सहावीत बसवावं लागेल. चालेल?"
मी हो म्हणायच्या आत वै. म्हणाली, "चालंल."

म्हणजे पहिली चाचणी होईपर्यंत काही पक्कं नाही.

घरी आल्यावर पिंकीनं जाहीर केलं, "दीदी सातवी, मी सहावी. मला तिची सहावीची पुस्तकं मिळणार!" मंदा तिला म्हणाली, "पुस्तकं मिळतील, डोकं न्हाई मिळत." वै. हसली. पाच दिवसांत पहिल्यांदा. माझ्याकडे बघून नाही.

१३ जून, रविवार
स्कर्ट घालून बघितला. आखूड. गुडघ्याच्या चांगलाच वर. पिंकीचं माप अधिक चार बोटं! वर्षभर समोर बसून काजं करणारी पोरगी, आणि मला तिची उंची माहीत नाही. साऱ्या गल्लीच्या पोरींची मापं माझ्या वहीत आहेत. खाली दुमड आहे, पण आज बायका गणवेश न्यायला दिवसभर दारात. म्हणाली, "असू दे. चालतंय." माझ्याशी एवढंच.

१४ जून, सोमवार
शाळा सुरू. दोघी बरोबर गेल्या. पिंकीचं दप्तर नवं, वै.चं दौंडचंच. मी कोपऱ्यापर्यंत बघत उभी राहिले. मग आत येऊन उगाच मशीन पुसलं.

मधल्या सुट्टीत वै. एकटी परत आली. दप्तर खाली टाकलं. मी पाणी दिलं. मग आपणच बोलली. शेजारच्या पोरीनं विचारलं, मागल्या वर्षी कुठल्या शाळेत होतीस? ही गप्प. मग मागच्या बाकावरची म्हणाली, घरी बसली असेल, स्कर्टवरनंच कळतंय, दोन वर्षांपूर्वीचा दिसतोय.

"काय सांगायचं मी त्यांना? नापास म्हणू? मी नापास न्हाई."
मी म्हटलं, "खरं ते सांग. म्हणावं, मी पास होते. माझ्या आईला निकाल आणायला उशीर झाला."
ती बघत राहिली माझ्याकडे. "असं सांगू? तुझं नाव घेऊन?"
"व्हय. माझंच नाव घे. आन् स्कर्ट बी आईनंच बिघडवला, ते पण सांग."

हसू आलं होतं तिला, तिनं दाबलं. मग म्हणाली, "उद्याचं उद्या बघू." संध्याकाळी पिंकीकडून सातवीचं वेळापत्रक मागवून घेतलं मी आणि भिंतीवर चिकटवलं. वै.नं ते उतरवून घेतलं नाही, पण भिंतीवरून काढलंही नाही.

झोपायच्या आधी तिला म्हटलं, "उभी राहा." उभी राहिली. कमरेपासून गुडघ्याखालपर्यंत टेप लावला. आकडा वहीत लिहिला, तिच्या नावासमोर.

१५ जून, मंगळवार
साडेचारला उठले. स्कर्टची दुमड उसवून तीन बोटं लांब केला, नवी टीप मारली, इस्त्री केली. दोन डबे भरले. दोन्ही रिबिनी शोधून तिच्या उशाशी ठेवल्या.