मांडव टाकायच्या आधी

बाबा,

तुमच्या नातीचं लग्न झालं. माघात झालं, अमडापूरला, आमच्या घरासमोर मांडव टाकून. तुम्ही गेलात तेव्हा ती पाळण्यात होती आणि तुम्ही तिला उचलून घेतलं की तुमच्या मिशा ओढायची. आता ती बुलढाण्याला एका लॅबमध्ये रक्त तपासते आणि गोळ्या वेळेवर घेत नाही म्हणून मलाच रागावते. लग्नाला आलेल्यांनी मला विचारलं, शालू कुठून घेतला, जावई काय करतो, मुलीला सासरी नोकरी करू देतील का. तुम्ही असता तर यातलं काही विचारलं नसतं. मांडवाचं तोंड कोणीकडे होतं, प्यायचं पाणी कुठं ठेवलं होतं, पंगतीला माणसं ताटकळली तर नाहीत, हे विचारलं असतं. या सगळ्याची उत्तरं माझ्याजवळ आहेत आणि ती ऐकायची हौस दुसऱ्या कोणाला नाही, म्हणून लिहायला बसले.

धामणगाव बढ्याचं आपलं बिछायतीचं, मांडव-भांडी भाड्यानं द्यायचं दुकान मला आजही जसंच्या तसं दिसतं. लांबट खोली, एका भिंतीला गुंडाळलेल्या सतरंज्या, दुसऱ्या भिंतीला एकात एक बसवलेले गंज आणि कढया, आणि सगळ्याला तो कापडाचा, धुळीचा, जुन्या तेलाचा वास. शाळा सुटली की मी सतरंज्यांवर चढून अभ्यास करायची. लगीनसराई जवळ आली की मुलीचे वडील, काका, मामा असे घोळक्याने मांडव सांगायला यायचे आणि कनातीच्या रंगावरून आपसातच वाद घालायचे. तुम्ही सगळं ऐकून घ्यायचे, चहा सांगायचे आणि मग हळूच विचारायचे, "पोरगी काय म्हणते?" माणसं हसायची. पोरीला काय विचारायचं असतं मांडवाचं? तुम्ही वाद घालत नसायचे. अंगण मोजायला म्हणून त्यांच्या घरी जायचे, मोजमाप संपलं की ओट्यावर टेकायचे, पाणी मागायचे आणि पाणी घेऊन आलेल्या नवरीला विचारायचे, "माय, तुह्या लग्नात कोण नसलं तर तुले लग्न झाल्यासारखं वाटणार नाही?"

एकदा मी सोबत होते. ती मुलगी कितीतरी वेळ बोललीच नाही. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मोठी बाई." मोठी बहीण घरातच बाळंत झालेली, आतल्या खोलीत होती. तिला मांडवात येता येणार नव्हतं आणि तिला येऊ द्या असं म्हणायची घरात कोणाची छाती नव्हती. तुम्ही ते कोणाला सांगितलं नाहीत. फक्त मांडव फिरवलात. सगळे म्हणत होते स्टेज रस्त्याच्या बाजूला घ्या, लोकांना दिसेल. तुम्ही म्हणालात, तिकडून वारा येतो, मेखा धरत नाहीत. स्टेज आलं बरोबर त्या खोलीच्या खिडकीसमोर. लग्नाच्या दिवशी अक्षता पडत होत्या तेव्हा खिडकीच्या गजातूनही मूठभर तांदूळ बाहेर आले. घरी येताना मी विचारलं, तिकडून खरंच वारा येतो का. तुम्ही म्हणालात, "येते ना. नाही आला तर आपून काय करू?"

आणि वारा आला तो माझ्याच लग्नात. धामणगावात अजून ती गोष्ट सांगतात, की मांडववाल्याच्या पोरीचाच मांडव उडाला. वैशाखातली दुपार, वऱ्हाड नुकतंच जानोशात उतरलेलं, आणि मोताळ्याच्या बाजूनं जे वादळ उठलं त्यानं तुमचा नवाकोरा शामियाना, जो तुम्ही फक्त माझ्यासाठी शिवून घेतला होता, उचलला आणि शेजारच्या कडुलिंबावर नेऊन टाकला. बुंदीच्या पराती मातीनं भरल्या. आई डोक्याला हात लावून बसली. मी हळदीच्या साडीत दारात उभी राहून रडत होते. तुम्ही आलात, तुमच्या मिशांवर धूळ बसलेली. मला वाटलं जवळ घ्याल. तुम्ही रागावलात. "रडून काऊन राह्यली? मांडव उडाला. नवरदेव कुठी उडाला?" मी बाहेर पाहिलं. नवरदेव खरंच उडाला नव्हता. सदऱ्याच्या बाह्या वर करून तो तुमच्या गड्यांबरोबर बांबू गोळा करत होता, आणि त्याचे काका त्याला ओरडत होते की अरे, तू नवरदेव आहेस. त्या आधी मी त्याला एकदाच, पाहायच्या कार्यक्रमात, मान खाली घालून पाहिलं होतं. नीट पाहिलं ते त्या दिवशी.

लग्न जिनिंगच्या गोदामात लागलं. उन्हाळ्यात ते रिकामं असायचं, मालकानं कुलूप काढून दिलं. सगळीकडे कापसाचे तंतू. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरदेवाच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि मला हसू आवरेना. भटजी शिंकत शिंकत मंगलाष्टका म्हणत होते. तुम्ही त्या गोंधळातही वाजंत्रीवाल्यांना आधी जेवायला बसवलंत, आणि नंतर ते असं वाजवत राहिले की गोदामाचे पत्रे थरथरत होते. मला माझं लग्न आठवलं की आजही आधी हसू येतं, बाबा. किती जणींना असं म्हणता येतं?

आता नातीचं सांगते. मुलगा तिनंच पसंत केला. जळगाव जामोदचा, त्याचं औषधाचं दुकान आहे. वडील तो शाळेत असतानाच गेले, आईनं शिवणकाम करून वाढवला. शांत आहे, कमी बोलतो, आणि तुमची नात दोघांच्या वाटणीचं बोलते. लग्न ठरलं तेव्हा आम्ही दोघांनी सांगून टाकलं की तुमचं लग्न आहे, तुम्ही ठरवा. इथंच पहिली अडचण झाली. पूर्वी ठरवणारे फार होते म्हणून भांडणं व्हायची, आता ठरवणारे दोघंच, पण प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये हजार लग्नं. ती म्हणे घरासमोर मांडव, तो म्हणे चिखलीचं लॉन्स. तिला साधं हवं, तर हा शांत मुलगा अडून बसलेला, की लॉन्सच पाहिजे, तिथली माणसंच सगळं करतील, हळदसुद्धा तेच करतील, फुलांच्या पाकळ्या, झोपाळा, गाणी. आमच्या घरात कोणाला कळेना की याला एवढी हौस कुठून आली.

एका रविवारी तो काकांना घेऊन आमच्याकडे आला. जेवणं झाली, आणि पुढच्या खोलीत दोघांचं काही बोलणं झालं. नात स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, लग्न पुढं ढकलू. आत्ताच हा माझं ऐकत नाही, तर मंग काय ऐकणार?" तिचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मी जास्त घाबरले. पत्रिका छापायला द्यायची होती. मी ह्यांना सांगितलं, काकांना हरभरा दाखवून आणा. ते शेताकडे गेले. मी चहा ठेवला. आणि चहा उकळत असताना मला तुमचा प्रश्न आठवला. मी तिला विचारला, तुमच्याच शब्दांत. ती लगेच म्हणाली, "सगळ्या मैत्रिणी. आणि मले त्याईच्यासोबत बसून जेवायचं आहे. चार तास स्टेजवर उभी राहून हसायचं नाही." एवढंच होतं तिचं.

मग कप घेऊन मी बाहेर गेले. तो एकटाच बसला होता. मी त्याला तोच प्रश्न विचारला. त्यानं कप घेऊन खाली ठेवला. मग म्हणाला, "आई."

मी म्हटलं, आई तर असणारच ना.

"असते हो. पण मागं असते. घरी कोणाचीबी हळद असली की ती चूल सांभाळते. बायका तिले बोलावत नाहीत अन् तिबी येत नाही." पुढं म्हणाला, "लॉन्सवाल्याईले काय माहीत, कोणाचा नवरा आहे अन् कोणाचा नाही. ते सगळ्याईच्या हातात वाटी देतात."

तुमची नात माझ्या मागं दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ती त्याच्याजवळ जाऊन बसली आणि एवढंच म्हणाली, "हे मले काऊन नाही सांगितलं?" तो म्हणाला, तुमच्या घरच्यांना चालेल की नाही ते माहीत नव्हतं. मी आत निघून आले. भांडण लॉन्सचं नव्हतंच.

दोन दिवसांनी मी खामगावला बस बदलून जळगाव जामोदला गेले. विहीणबाईंनी मला शिवणयंत्राजवळच्या खुर्चीवर बसवलं. खिडकीतून सातपुडा दिसत होता. मी आडवळणानं न बोलता सरळ सांगितलं, की हळद आमच्या अंगणात दोघांची एकत्र करू, आणि पहिली हळद तुम्ही लावायची, दोघांनाही. त्यांनी हातातला कपडा खाली ठेवला. म्हणाल्या, "मी मागंच बरी, विहीणबाई. लोक नावं ठेवतात."

"लोकाईले जेवाले बोलावलं आहे," मी म्हटलं, "नावं ठेवाले नाही."

हे मी कसं बोलून गेले मला कळलं नाही. मी एरवी अशी बोलत नाही. त्या एकदम हसल्या, डोळ्यांत पाणी आणि हसू दोन्ही. म्हणाल्या, "मंग हळद मीच दळून आणीन. विकतच्या हळदीत काही दम नसते."

हळदीच्या दिवशी त्या डबा घेऊन आल्या आणि अंगणात आल्यावर त्यांचा पाय अडला. आमच्या नणंदबाईंचं तोंड वाकडं झालेलं मला दिसत होतं. नात पाटावरून उठली, हात धरून त्यांना घेऊन आली. त्यांनी मुलाच्या गालाला हळद लावली. सुनेला लावली. मग काय वाटलं कोण जाणे, डब्यात अख्खा पंजा बुडवला आणि मुलाच्या तोंडावर, नाकापासून कपाळापर्यंत, असा फिरवला की त्याला डोळे उघडता येईनात. बायका हसायला लागल्या. त्या हसण्यात नणंदबाई पुढं सरकल्या आणि म्हणाल्या, द्या इकडं, आता माझा नंबर. त्यांना दुसरा नंबर सोडायचा नव्हता. पुढं तासभर कोण कोणाला हळद लावत होतं याचा मेळ नव्हता. ह्यांचा नवा पांढरा सदरा कायमचा पिवळा झाला.

दुसऱ्या दिवशी मांडवाचं तोंड पूर्वेला होतं, पाणी दोन्ही टोकांना, आणि वाजंत्रीवाले सगळ्यांच्या आधी जेवले. लग्न लागायच्या आधी मी दोघांना आतल्या खोलीत दामटून पोळी-भाजी खायला घातली, कारण उपाशी माणसाचा फोटोही रडका येतो. मंगलाष्टका वेळेवर सुरू झाल्या. आहेर घेत उभं राहायचं नाही हे आधीच सांगून ठेवलं होतं. नवरा-नवरीच पंगतीत फिरून सगळ्यांना भेटले, आणि शेवटी नात मैत्रिणींच्या घोळक्यात मांडी घालून बसली, तिच्या शेजारी जावई, त्याच्या शेजारी त्याची आई. वांग्याच्या भाजीचा रस्सा तिच्या शालूवर सांडला आणि तिला त्याचं काही नव्हतं.

मी शिकवते त्या शाळेत दोन नव्या शिक्षिका आहेत, दोघींची लग्नं ठरलीत. त्या मधल्या सुटीत मला विचारतात, मॅडम, काय काय करू, कुठून सुरुवात करू. मी सांगते, हॉल, साड्या, फोटोवाला सगळं नंतर. आधी दोघं एकमेकांसमोर बसा आणि विचारा, कोण नसलं तर चालणार नाही. उत्तर यायला वेळ लागेल, तेवढा वेळ गप्प बसा. आणि दुसरा एखाद्या गोष्टीसाठी फारच अडून बसला असेल तर भांडू नका, त्यामागं कोण आहे ते विचारा. एकीनं ते मोबाईलमध्ये लिहून घेतलं. दुसरी म्हणाली, मॅडम, आणि वादळ आलं तर? मी म्हटलं, नवरदेव काय करतो ते पाहा.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते जाऊ दे. पण एक गोष्ट तुम्हालाच सांगायची आहे. पाठवणीच्या वेळी जो तो माझ्याजवळ येऊन म्हणत होता, आज वडील पाहिजे होते, तुला फार आठवण येत असेल. मी डोळ्याला पदर लावून हो हो म्हणत होते. खरं म्हणजे त्या दिवशी सकाळपासून, बाबा, मला तुमची एकदाही आठवण आली नव्हती. मी इतकी मजेत होते.