चंपाषष्ठीच्या ताटातला हिरवा फ्लॉवर

आत्याबाई, या गुरुवारी टोपलीतून आलं ते असं: चाकवताची जुडी, पातीचा कांदा, भरताची वांगी, बोटाएवढी मक्याची कणसं आणि हिरव्या फ्लॉवरचा एक गड्डा. टोपलीमागं अठरा रुपये पडतात. कन्हेरी गावचं एक जोडपं हे पिकवतं. आम्ही काही घरांनी हंगामाच्या सुरुवातीलाच त्यांना पैसे दिलेत; दर गुरुवारी बारामतीच्या बाजारात, जिथं शेतकरी आपला माल आपणच विकतात त्या कोपऱ्यात जाऊन टोपली घ्यायची. निवडायचं नाही, रानात तयार असेल ते. इंदापूरच्या एस.टी.नं मीच जाते. बाजार पुरुषानं आणायचा आणि बाईनं रांधायचा, ही तुमची रीत तुमच्यामागं फार दिवस टिकली नाही, हेही सांगून टाकते.

हिरवा फ्लॉवर म्हणजे आपल्या फ्लॉवरसारखाच, पण गडद हिरवा. ब्रोकोली म्हणतात त्याला. गेल्या वर्षी पहिल्यांदा आला तेव्हा त्या कन्हेरीच्या बाईला विचारलं, हा करायचा कसा. ती म्हणाली, "आमी तरी कुठं खाल्लाय? तुमी करा, मग आमाला सांगा."

मी तो घेऊन घरी आले आणि तुमचा आवाज कानात आला. मी नवी नवरी असताना माहेराहून ढोबळी मिरच्या आणल्या होत्या. तुम्ही चुलीपुढं बसलेल्या आहात, पिशवीत वाकून बघताय, आणि म्हणताय, "देवाला जे ठावं न्हाय, ते ह्या चुलीवर चढायचं न्हाय." मिरच्या शेळीपुढं टाकल्यात. तिनं हुंगून सोडल्या, तर तुम्ही म्हणालात, बघ, मुक्या जनावराला बी कळतंय. आता शेळीला विचारून देवाचं ठरवायचं का, असं माझ्या ओठांवर आलं होतं. बोलले नाही. मॅट्रिक झालेली सून उलट बोलते म्हणून गावभर झालं असतं.

पण गेल्या वर्षी तुम्ही नव्हता. शिवाय तुमचा नियम मी मोडलाच नाही. देवाला ठाऊक नाही, तर ठाऊक करून द्यायचं, इतकंच. पैसे मोजून आणलेलं अन्न उकिरड्यावर टाकणं माझ्या देवाला चालत नाही. म्हणून चंपाषष्ठीला खंडोबाच्या ताटात बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत, कांद्याची पात, आणि त्यांच्या शेजारी हिरव्या फ्लॉवरची भाजी, शेंगदाण्याचं कूट लावून.

तळी उचलायला पाच जण लागतात. तुमचे चिरंजीव, धाकटे भावजी, शेजारचे दोघे आणि थोरले भावजी. पानं, सुपारी, खोबरं, भंडारा, सगळं मांडून झालं होतं. थोरल्या भावजींनी नैवेद्याकडं पाहिलं आणि हात मागं घेतला. म्हणाले, ते हिरवं काढा, मग तळी. आईनं हे चालवून घेतलं नसतं.

मी विचारलं, "भावजी, बटाट्याची न् देवाची वळख कुणी करून दिली?"

शाळेत शिकले होते मी, की बटाटा आणि मिरची दोन्ही फिरंग्यांच्या जहाजातून आली. तुम्ही आयुष्यभर एकादशीला तोच बटाटा खाल्लात, आत्याबाई, आणि तो तुम्हाला पुण्य देत राहिला.

"ताट हाय तसंच ऱ्हाईल," मी म्हणाले. थोरले भावजी उठले, टोपी घातली आणि न जेवता निघून गेले. देवाच्या दिवशी घरातला माणूस उपाशी गेला. चौघे राहिले, आणि चौघांनी तळी उचलत नाहीत. हे माझ्याकडं बघायला लागले, काढ ना ती भाजी, असं. मी पदर खोचला आणि पाचवा हात तळीच्या ताटाला लावला. बाईचा हात. मग शेजारच्या म्हाताऱ्या तात्यांनीच "येळकोट येळकोट" म्हणून सुरुवात केली, आणि तळी वर गेली. तीनदा.

उद्या पुन्हा चंपाषष्ठी आहे. थोरल्या भावजींनी निरोप धाडलाय: जुना नैवेद्य असेल तर येतो. मी उलट निरोप दिलाय, की त्यांचा पाट मांडलेला असेल आणि ताटात भाजीही असेल. हे म्हणतात, भाऊ तुटेल. तुटला तर तो भाजीनं तुटला नाही, हे मला कळतं. मी तळी उचलल्याचं त्यांच्या कानी गेलंय; त्यांना माझा हात खुपतो. तो मी मागं घ्यायची नाही.

तुमची हरकत असली तर उलट टपाली कळवा. हे पत्र टाकायचं कुठं ते मला माहीत नाही, म्हणून देवघरात ठेवते. आणि एक, कुणाला सांगू नका: ती भाजी मला अजून आवडलेली नाही.