कपाटातली गोळी

किनवट,
१२ जून २०२५

आदरणीय चांगुणाताई,

सविनय जय भीम.

गुडघे कसे आहेत? नायगावच्या घरावर वरची खोली बांधलीत, असं तुमच्या जागी आलेली सिंधु सिस्टर सांगत होती. जिना जपून चढत जा. आमच्याकडं सगळं बरं आहे.

फोन केला असता तर तुम्ही उचलला असता, आणि पहिलं "जेवला का रे?" असंच विचारलं असतं. मग मला पुढं काही बोलताच आलं नसतं. म्हणून पत्र.

आधी आनंदाची बातमी. आश्रमशाळेतली आरती, जिला झटके यायचे, ती दहावी पास झाली. चौसष्ट टक्के. तीन वर्षांत एकदाही झटका नाही. पेढे घेऊन आपल्या आरोग्य केंद्रावर आली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "चांगुणाबाई कुठं राहतात?" मी औषधांच्या खोलीत होतो. बाहेर आलो नाही.

दुसरी बातमी म्हणजे मागच्या आठवड्यात ती पाहणी पुन्हा झाली. देशादेशांत लोकांना औषध खरंच मिळतं का, हे मोजणारी. या वेळी अंजू नावाची मुलगी आली होती, नांदेडची. तिनं सगळं समजावून सांगितलं. दवाखाने किती बांधले, गोळ्या किती खरेदी केल्या, हे ते विचारत नाहीत. चिठ्ठ्या टाकून केंद्रं निवडतात, न सांगता येतात आणि यादीतलं औषध त्या दिवशी कपाटात आहे का, तेवढंच तिथल्या फार्मासिस्टकडून लिहून घेतात.

मी म्हणालो, "मॅडम, एवढ्या मोठ्या जगात आमच्या कपाटाला कोण विचारतं?"

ती हसली. "सर, जगाचं वेगळं कपाट कुठं असतं? असलीच सगळी जोडून जग होतं."

मागच्या अहवालातला तक्ता तिनं मोबाइलवर दाखवला. त्यात झटक्यांच्या औषधाची एक ओळ होती. गावाचं नाव नव्हतं, तुमचं तर नव्हतंच. पण त्या आकड्यात तुमचा एक "नाही" आहे, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. तो अहवाल निघाल्यावरच आपल्याकडं या गोळ्या दोन महिन्यांच्या जास्तीच्या ठेवायचा हुकूम आला. आरतीची गोळी तेव्हापासून एक दिवस चुकलेली नाही.

ताई, फेब्रुवारी बावीसचा तो दिवस तुम्हाला आठवत असेलच. मला तर रोज आठवतो. आपले तेव्हाचे डॉक्टर साहेब म्हणाले होते, "सगळं आहे म्हणून लिहून टाका." मी यादीत झटक्यांच्या गोळीपुढं "आहे" लिहिलं. तुम्ही लसींचा तक्ता भरायला आत आलात, माझा कागद वाचला आणि पाहणीवाल्यांसमोर कपाट सताड उघडलं.

"हे खोटं हाय, आनंदराज. लेकरू तिकडं झटक्यानं चुलीवर पडून भाजलंय, अन् तू इथं 'आहे' लिहून राहिला?"

माझ्याच पेनानं तुम्ही ते खोडलं, "नाही, एकाहत्तर दिवसांपासून" असं लिहिलं आणि खाली सही केली. साहेब लाल झाले. तुमचा आवाज मात्र जरासुद्धा चढला नव्हता. नोकरीची दोन वर्षं राहिलेली बाई इतकी निवांत कशी उभी राहू शकते, हे मला आजही कळलेलं नाही.

त्या दिवशी सगळ्यांना वाटलं, पुरवठा वरूनच थांबलाय. मीच तसं सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. गोळ्यांचं मागणीपत्र मी पाठवलंच नव्हतं. पुतण्याच्या लग्नाच्या गडबडीत ते माझ्या खणात राहिलं. नंतर सापडलं, तेव्हा उशीर कळेल म्हणून मी ते फाडून टाकलं. आरतीच्या डाव्या हाताची दोन बोटं अजून नीट उघडत नाहीत. पेढा देताना तिनं तोच हात पुढं केला.

अजून आहे. तुमच्यावर जी निनावी तक्रार गेली, औषधांच्या कारभारात ढवळाढवळ करते, पाहणीवाल्यांना चुकीची माहिती देते, ती साहेबांची नव्हती. ती मी लिहिली. तुम्ही मागणीपत्राबद्दल विचारायला लागला होता आणि मी घाबरलो होतो. त्या तक्रारीवर तुमची बदली झाली. दुखऱ्या गुडघ्यांनी दोन बस बदलत तुम्ही दोन वर्षं काढली. सेवापुस्तकात शेरा पडला. निवृत्तीला साधा हारसुद्धा कुणी घातला नाही. आणि जाताना तुम्ही मला म्हणालात, "गोळ्यांकडं ध्यान ठेव, बाबा. तू हुशार हायेस."

अंजू आली तेव्हा दम्याचा पंप संपला होता. आठ दिवस झाले होते. मागणी गेली होती, माल आला नव्हता. मी "नाही" लिहिलं. आताच्या डॉक्टर मॅडमनी वाचून नुसती मान डोलावली. एवढी साधी गोष्ट होती ती. त्या दिवशी मला पहिल्यांदा तुमची खरी उंची कळली. तुम्ही हे लिहिलंत तेव्हा समोर साहेब होते आणि पाठीशी मीही नव्हतो.

काल जिल्हा कार्यालयात लेखी कबुली दिली. मागणीपत्र, तक्रार, सगळं. तुमच्या सेवापुस्तकातला शेरा काढावा, अशी विनंतीही केली. पोचेची प्रत सोबत जोडली आहे. माझ्यावर चौकशी बसेल. बसू द्या. घरी सांगितलं. आज सकाळी बायको म्हणाली, "आधी ताईंना कळवा."

माफी मागावी असं तोंड नाही. आरतीला तुमचा पत्ता मी दिलाय. ती रविवारी आईला घेऊन येणार आहे; तिला नर्सिंगला जायचंय, काय काय लागतं ते तुम्हालाच विचारणार म्हणते. हात कशामुळं भाजला, हे मी तिला आणि तिच्या आईला शनिवारी स्वतः जाऊन सांगणार आहे. त्यांच्याकडून तुम्हाला कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून आजच टपालात टाकतो.

तुमच्या विश्वासाला न जागलेला,
आनंदराज सोनकांबळे