पूर्ण कॅपिटलमधली नावं

१२ जानेवारी २०११, सकाळी ११.२०

वेळ लिहून ठेवते, उद्या नाकारतील. सचिव वीरेंद्रने सौंदडच्या शाळेत लागणाऱ्या संगमरवरी शिलेचा नमुना माझ्यासमोर ठेवला. देणगीदारांची नावं, इंग्रजीत. रुख्माबाईचं नाही! जिच्या धानाच्या बांधीत, भाताच्या शेतात, शाळा उभी आहे, तिचंच नाही. मधोमध 'एनसीसी' मात्र आहे—देणगीदार म्हणून!

"मैंने थोड़ी किया, मॅडम. कम्प्युटर ने निकाला."

यादीत त्याचा साळा आहे, साडू आहे. नातीगोती ओळखणारा कम्प्युटर मी पहिल्यांदाच पाहिला. सव्वीसला अनावरण. दगडावर एकदा छिन्नी चालली की संपलं.

१३ जानेवारी

रागात दूध दोनदा उतू गेलं.

१४ जानेवारी

शिलेचा नमुना जिथे बनला, त्या दुर्गेशच्या टायपिंगच्या दुकानात गेले. संक्रांत म्हणून तिळगूळ दिला, गोड मात्र बोलले नाही. शाळेच्या इतिहासाचं इंग्रजी पुस्तक मी लिहिलं, मीच टाइप केलं, याच्याकडे फक्त छपाईला दिलं. मग नावं गाळली कोणी?

"सचिवसाहेब म्हणाले, पुस्तकात जी नावं पूर्ण कॅपिटलमध्ये आहेत, तेवढीच शोधून शिलेवर टाक. मी टाकून राहिलो."

करून दाखवलं. 'फाइंड' उघडलं, वाइल्डकार्डवर टिक केली, कंसात ए ते झेड—दोन किंवा जास्त मोठी अक्षरं सलग आली की मशीन पकडते. पानापानावर नावं उजळत गेली. एनसीसी पण!

पण मी एकही नाव पूर्ण कॅपिटलमध्ये लिहिलं नव्हतं. लिहिणारच नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, तसं लिहिणं म्हणजे चारचौघांत ओरडणं.

"ते त सचिवसाहेबांनी इथंच बसून केले, मॅडम. ज्यांचा सत्कार आहे, तेवढेच."

रुख्माबाई शोध म्हटलं. सात ठिकाणी सापडली. सातही ठिकाणी साध्या अक्षरांत, कोणावर न ओरडता.

१५ जानेवारी

वीरेंद्रला सरळ विचारलं, "सत्काराला रुख्माबाई का नाही?"

"बुढी आहे, मॅडम. मंचावर कुछ भी बोल देगी."

"बोलू दे. नाव नसेल तर त्या दिवशी मी बोलेन. माईक न लागता."

तो एकदम हसला. "अरे, गुस्सा कायले? सबसे ऊपर डालते हैं! मोठ्या अक्षरात—भूमिदान, श्रीमती रुख्माबाई." लगेच दुर्गेशला फोन. नवा नमुना तासाभरात माझ्या हातात!

जिंकले. पण तो हसला का?

१७ जानेवारी

सौंदडहून आत्ताच आले. रुख्माबाईला नमुना वाचून दाखवला. ती उठून बसली.

"दान? मी कवा देलो दान, मास्तरीणबाई? पोरींची शाळा आहे तवरी वापरा मनलो होतो. बांधी माह्या नातनीची आहे. तुमी असा काऊन लिवल्या?"

'दान' हा शब्द मला वीरेंद्रने सांगितला. मी तिला न विचारता पुस्तकात टाइप केला.

उद्या त्याच्या हातात द्यायचं पत्र: "रुख्माबाईंनी जमीन दान दिली, हे कशाच्या आधारावर म्हणता? २० जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर हवं. तोवर शिलेवर त्यांच्या नावाचं एक अक्षरही कोरायचं नाही."